वाऱ्यापासून प्रकाश : अध्यापक पॉल ला कूर

साताऱ्याजवळच्या ठोसेघर व चाळकेवाडीच्या पठारावर, पाटण तालुक्यांत कोयनेच्या जलाशयावरील वनकुसवडें येथें, तसेंच सांगली जिल्ह्यांत ढालगांवच्या माळावर फिरणाऱ्या उंच पवनचक्क्या आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. त्यांच्या योगानें वाऱ्यापासून वीज उत्पन्न होते, हेंही बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु वाऱ्यापासून वीज करण्याचें हें शास्त्र कोठें वाढीस लागलें, तें कोणीं व कशाकरितां वाढविलें, हा विचार फार थोड्यांच्या मनांत येतो. त्याचा उगम शोधीत गेल्यास आपण एखाद्या धनाढ्य कारखान्यांत किंवा राजधानींतील विद्यापीठांत जाऊन पोंचत नाहीं. युरोपच्या उत्तरेस, डेन्मार्क देशांतील एका खेड्यांतल्या शाळेंत जाऊन पोंचतों. त्या शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकविणारे अध्यापक पॉल ला कूर यांचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

पॉल ला कूर यांचा जन्म इ. स. १८४६ च्या एप्रिल महिन्याच्या १३ व्या तारखेस जटलंड नांवाच्या द्वीपकल्पांत, एबेलटॉफ्ट या समुद्रकांठच्या गांवाजवळ, एका शेतकरी कुटुंबांत झाला. डेन्मार्क हा देश विस्तारानें आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढाच आहे. तेथें सह्याद्रीसारखे डोंगर नाहींत; देशांतील सर्वांत उंच टेकडीही समुद्रसपाटीपासून पावणेदोनशें मीटर भरत नाहीं. डोंगर नाहींत म्हणून मोठे धबधबे नाहींत, आणि जमिनीच्या पोटांत दगडी कोळसाही नाहीं. हिवाळा मोठा कठीण. डिसेंबर महिन्यांत सूर्य अवघा सात तास क्षितिजावर असतो व उरलेला वेळ अंधारांत आणि थंडींत काढावा लागतो. अशा देशास निसर्गानें एक गोष्ट मात्र हात राखून न ठेवतां दिली आहे, आणि ती म्हणजे वारा. उत्तर समुद्रावरून येणारा वारा त्या सपाट भूमीवर कोठेंही अडत नाहीं. शेतकऱ्याच्या घरीं वाढलेल्या पॉलला हा वारा, हा अंधार आणि खेड्यांतील माणसांचे कष्ट लहानपणापासूनच परिचयाचे होते.

तो अठरा वर्षांचा असतांना त्याच्या देशावर मोठें संकट आलें. इ. स. १८६४ मध्यें प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्याशीं झालेल्या युद्धांत डेन्मार्कचा पराभव होऊन दक्षिणेकडील मोठा मुलूख त्याच्या हातून गेला. लहान राष्ट्र आणखी लहान झालें. अशा वेळीं एखादें राष्ट्र निराश होऊन बसतें किंवा सुडाच्या विचारानें जळत राहतें. डेन्मार्कमधील विचारी लोकांनीं तिसरा मार्ग धरला. गेलेल्या भूमीबद्दल शोक करीत न बसतां उरलेली भूमि सुधारावी, ओसाड माळ लागवडीस आणावे आणि खेड्यांतील तरुण मुलामुलींस शहाणें करावें, असा त्यांनीं निश्चय केला. या कामाची वैचारिक तयारी ग्रुंटव्हिग नांवाच्या एका धर्मोपदेशकानें पूर्वींच करून ठेविली होती. शेतांत राबणाऱ्या तरुणांसाठीं अशा शाळा असाव्या कीं, जेथें परीक्षा नाहींत व पदव्या नाहींत, तर शिक्षकाच्या जिवंत वाणीनें माणूस जागा व्हावा, ही त्याची कल्पना होती. या शाळांस लोकविद्यालय म्हणतात. त्यांतील पहिलें विद्यालय इ. स. १८४४ मध्यें रोडिंग येथें निघालें. युद्धानंतर तें गांव शत्रूच्या ताब्यांत गेलें, तेव्हां तेथील शिक्षकांनीं नव्या सरहद्दीच्या अलीकडे आस्कोव्ह या खेड्यांत इ. स. १८६५ मध्यें आपली शाळा पुन्हां मांडली. पुढें ला कूर यांचें सारें आयुष्य याच शाळेशीं जोडलें गेलें.

पण तो दिवस अजून दूर होता. ला कूर कोपनहेगनच्या विद्यापीठांत पदार्थविज्ञान व हवामानशास्त्र शिकले आणि इ. स. १८६९ मध्यें पदवीधर झाले. त्यानंतर युरोपांत प्रवास करून त्यांनीं हवामानशास्त्राचें अधिक ज्ञान मिळविलें. इ. स. १८७२ मध्यें डेन्मार्क सरकारनें हवामानखात्याची स्थापना केली, तेव्हां तेथें उपप्रमुखाच्या जागेवर त्यांची नेमणूक झाली. वाऱ्याची दिशा, त्याचा वेग व वादळांचा मार्ग यांचा अभ्यास हें आतां त्यांचें नित्याचें काम झालें. विशेष हें कीं, ज्या वाऱ्याला पुढें त्यांनीं कामास जुंपलें, त्याचे गुणदोष त्यांनीं आधीं कित्येक वर्षें शांतपणें पारखून घेतले होते.

याच काळांत तारायंत्राच्या शास्त्रांत त्यांनीं एक महत्त्वाचा शोध लाविला. एकाच तारेवरून एकाच वेळीं अनेक संदेश कसे पाठवावे, हा त्या वेळीं मोठा प्रश्न होता. तार घालणें फार खर्चाचें काम असल्यामुळें एका तारेकडून चार तारांचें काम करून घेणाराला मोठें मोल होतें. ला कूर यांनीं नादकांट्याचा उपयोग करून हा प्रश्न हातीं घेतला. नादकांटा ठराविक गतीनेंच कंप पावतो. त्या कंपाच्या तालावर विजेच्या साहाय्यानें एक दांतेरी चाक फिरविलें, तर तें चाकही अगदीं ठराविक गतीनें फिरतें. अशीं दोन चाकें शेंकडों मैल दूर असलीं, तरी एकमेकांशीं ताल सोडीत नाहींत. त्यामुळें एका टोंकास वेगवेगळे केलेले संदेश दुसऱ्या टोंकास अचूक वेगळे ओळखतां येतात. हें नादचक्र त्यांनीं इ. स. १८७५ च्या सुमारास तयार केलें, आणि पुढें अमेरिकेंतील तारायंत्रांतही त्या तत्त्वाचा उपयोग झाला. त्यांच्या देशबांधवांनीं तर त्यांस डेन्मार्कचा एडिसन असें नांव दिलें.

वय अवघें तिशीच्या आसपास, सरकारी खात्यांत मानाची जागा आणि परदेशांतही नांव होऊं लागलेलें, अशा स्थितींत बहुतेक मनुष्य पुढच्या पायरीकडे पाहतो. ला कूर यांनीं इ. स. १८७८ मध्यें ती जागा सोडली आणि ते राजधानींतून निघून आस्कोव्हच्या लोकविद्यालयांत शिक्षक झाले. व्यवहारी माणसास हें वेडेपण वाटावें यांत नवल नाहीं. पण ग्रुंटव्हिगच्या विचारांनीं त्यांच्या मनाचा ठाव घेतला होता, आणि विद्यालयाचे मुख्य श्रोडर यांच्यासारखे समविचारी सहकारी तेथें होते. ज्ञान राजधानींत साठून राहावें आणि खेड्यांत त्याचा थेंबही पोंचूं नये, ही स्थिति त्यांस पालटावयाची होती.

आस्कोव्ह येथें त्यांच्यापुढें बसणारीं मुलें शेतकऱ्यांचीं होतीं. त्यांच्या हातांस घट्टे होते. बीजगणिताचीं चिन्हें त्यांनीं फारशीं पाहिलीं नव्हतीं. अशा विद्यार्थ्यांस सूत्रें पाठ करावयास लावणें ला कूर यांस मान्य नव्हतें. त्यांनीं निराळी पद्धति काढली. मनुष्यजातीस एखादा प्रश्न प्रथम कसा पडला, तिनें तो सोडविण्यासाठीं काय काय धडपड केली, कोठें चूक झाली आणि अखेर सत्य कसें हातीं लागलें, हें इतिहासाच्या क्रमानें ते सांगत. त्यामुळें गणित म्हणजे वरून लादलेलें ओझें न वाटतां माणसानें केलेल्या शोधाची हकीकत वाटे. या पद्धतीवर त्यांनीं इ. स. १८८१ मध्यें गणिताचें पुस्तक प्रसिद्ध केलें. पुढें याकोब अपेल या सहकाऱ्याबरोबर त्यांनीं पदार्थविज्ञानाचाही असाच ऐतिहासिक ग्रंथ लिहिला.

इकडे जगांत मोठा पालट होत होता. इ. स. १८८२ मध्यें एडिसननें न्यूयॉर्क शहरांत विजेचें केंद्र सुरू केलें आणि थोड्याच वर्षांत युरोपांतील मोठीं शहरें विजेच्या दिव्यांनीं उजळूं लागलीं. पण त्या वेळची वीज तारेवरून एखाददुसऱ्या मैलापलीकडे नेणें परवडत नसे. शिवाय ती करावयास वाफेचें यंत्र पाहिजे व यंत्रास कोळसा पाहिजे; आणि डेन्मार्कला तर कोळशाचा प्रत्येक खडा परदेशांतून आणावा लागे. याचा परिणाम उघड होता. शहरांत उजेड, कारखाने आणि रोजगार; खेड्यांत रॉकेलचा मिणमिणता दिवा आणि हातानें ओढावयाचें काम. अशीच स्थिति चालली, तर खेड्यांतील हुशार तरुण शहराकडे धांव घेणार आणि खेडें मागें पडणार, हें ला कूर यांस स्पष्ट दिसूं लागलें. या दुःखावर उपाय त्यांच्या शाळेच्या छपरावरूनच रात्रंदिवस घोंघावत जात होता.

वाऱ्यापासून वीज करण्याचा प्रयत्न त्यांच्या पूर्वीं कोणीं केला नव्हता असें नाहीं. स्कॉटलंडमध्यें जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकानें इ. स. १८८७ मध्यें आपल्या घरीं, आणि अमेरिकेंत चार्ल्स ब्रश या श्रीमंत संशोधकानें १८८८ मध्यें आपल्या वाड्यांत पवनचक्कीच्या विजेचे दिवे लाविले होते. पण ते प्रयोग एका घरापुरते होते. ला कूर यांस एका घरांत नव्हे, तर सबंध खेड्यांत दिवा लावावयाचा होता, आणि तोही शेतकऱ्यास परवडेल अशा खर्चांत. त्यांनीं सरकारकडे साहाय्य मागितलें. तें मंजूर झालें आणि इ. स. १८९१ मध्यें आस्कोव्ह येथें प्रयोगासाठीं पहिली पवनचक्की उभी राहिली.

पवनचक्की उभारणें सोपें. कारण धान्य दळण्याच्या पवनचक्क्या युरोपांत कित्येक शतकें चालत आल्या होत्या. पण दळण आणि वीज यांत मोठें अंतर आहे. वारा एका क्षणीं मंद तर दुसऱ्या क्षणीं झपाट्याचा असतो. जातें कधीं हळू व कधीं जोरानें फिरलें, तरी पीठ पडावयाचें तें पडतेंच. पण वीज करणारा डायनामो असा हिसकावला गेला, तर दिवे एकदां लालभडक होतात आणि एकदां फुटून जातात. या अडचणीवर ला कूर यांनीं अगदीं साधी युक्ति काढली. पवनचक्की आणि डायनामो यांच्यामध्यें त्यांनीं पट्ट्यानें फिरणारा एक दांडा अशा रीतीनें टांगला कीं, ठराविक वजनामुळें पट्ट्यावर नेहमीं सारखाच ताण राहावा. वाऱ्याचा झोत ठराविक जोरापलीकडे गेला कीं पट्टा आपोआप थोडा घसरे व जास्तीचा जोर डायनामोपर्यंत पोंचतच नसे. आपल्या मोटेच्या विहिरीवरचा किंवा गुऱ्हाळाचा कारागीर पाहतांच समजेल इतकी ती रचना सोपी होती. खेड्यांतील लोहारास दुरुस्त करतां यावें, असेंच यंत्र त्यांस पाहिजे होतें.

दुसरी अडचण याहून मोठी होती. दिवा लागतो संध्याकाळीं, पण वारा कांहीं घड्याळ पाहून वाहत नाहीं. तेव्हां वारा असेल त्या वेळची शक्ति सांठवून ती वारा नसेल त्या वेळीं कशी वापरावी? शिशाच्या पत्र्यांच्या बॅटऱ्या त्या काळीं फार महाग होत्या. ला कूर यांनीं पाण्याकडे दृष्टि वळविली. पाण्यांतून विजेचा प्रवाह सोडला म्हणजे त्याचे हायड्रोजन आणि प्राणवायु असे दोन घटक वेगळे होतात. इटलींतील प्राध्यापक गारूती यांनीं काढलेल्या यंत्राच्या साहाय्यानें त्यांनीं हे दोन वायु मोठ्या टाक्यांत सांठविले. संध्याकाळीं नळ्यांतून ते शाळेच्या खोल्यांत आणून एकत्र जाळले व ती ज्योत उष्णतेनें न वितळणाऱ्या एका खनिजाच्या तुकड्यावर सोडली, म्हणजे तो तुकडा शुभ्र तेजानें चमकूं लागे. इ. स. १८९५ पासून १९०२ पर्यंत आस्कोव्हची शाळा या प्रकाशानें उजळत होती. दिवसां वाहून गेलेला वारा रात्रीं विद्यार्थ्यांच्या पुस्तकावर प्रकाश पाडीत होता.

हें काम संकटावांचून झालें नाहीं. हायड्रोजनमध्यें प्राणवायूचा थोडासा अंश जरी मिसळला, तरी ठिणगी पडतांच स्फोट होतो. असे स्फोट आस्कोव्ह येथें एकाहून अधिक वेळां झाले आणि शाळेच्या इमारतींच्या खिडक्यांचीं तावदानें अनेकदां नवीं बसवावीं लागलीं. ला कूर यांनीं प्रयोग सोडला नाहीं, पण त्याच्या मोहांतही ते पडले नाहींत. हायड्रोजनवर चालणारें इंजिन हवें तसें साधेना, आणि दरम्यान बॅटऱ्या सुधारूं लागल्या होत्या. तेव्हां सात वर्षें जपलेली आपली युक्ति त्यांनीं बाजूस ठेविली आणि बॅटरीचा स्वीकार केला. वारा पडला असतां बॅटरींतील वीज उलट डायनामोंत वाहून फुकट जाऊं नये, म्हणून आपोआप उघडणारी व मिटणारी कळही त्यांनीं बसविली. आपलीच कल्पना खरी ठरावी हा हट्ट न धरतां जें गांवकऱ्यांच्या उपयोगाचें तें घेणें, हा त्यांच्या स्वभावांतील मोठा गुण होता.

याच सुमारास त्यांनीं केलेलें आणखी एक काम शास्त्राच्या इतिहासांत नमूद होऊन राहिलें आहे. पवनचक्कीस पातीं किती असावीं, तीं किती रुंद व कशा आकाराचीं असावीं, याविषयीं त्या वेळीं केवळ परंपरेचें ज्ञान होतें. जितकीं पातीं अधिक, तितका वारा अधिक धरला जाईल, असा सामान्य समज होता. ला कूर यांनीं एका रुंद नळींतून पंख्यानें सारख्या वेगाचा वारा सोडला, त्यांत पात्यांचे लहान नमुने ठेविले आणि प्रत्येकावर पडणारा जोर मोजून पाहिला. विमान उडण्याच्या कित्येक वर्षें आधींचे हे प्रयोग होत. त्यांवरून असें दिसून आलें कीं, वीज करावयाची असेल तर योग्य बांक दिलेलीं थोडीं व वेगानें फिरणारीं पातींच अधिक उपयोगी पडतात. चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्कीस तीनच पातीं कां, असें कोणा विद्यार्थ्यानें विचारल्यास त्याच्या उत्तराचा आरंभ आस्कोव्हच्या त्या नळींत सांपडेल. इ. स. १८९७ मध्यें आस्कोव्ह येथें अधिक मोठी पवनचक्की उभी राहिली, आणि आपल्या सर्व प्रयोगांची हकीकत ला कूर यांनीं इ. स. १९०० व १९०३ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. ती वाचून कोणाही कारागिरानें पवनचक्की बांधावी, अशी मोकळीक होती.

त्याच दशकांत उत्तर ध्रुवाच्या दिशेनें निघालेल्या नॉर्वेच्या नान्सेन यांनीं आपल्या फ्राम जहाजावर पवनचक्की बसविली होती, हें येथें सांगण्यासारखें आहे. इ. स. १८९३ मध्यें निघालेलें तें जहाज बर्फांत गोठून वाहत असतां, महिनोन् महिने सूर्य न दिसणाऱ्या रात्रींत त्या पवनचक्कीच्या विजेनें जहाजावर दिवे लागत. जेथें कोळसा नेणें कठीण तेथें वारा हाच दिव्याचा धनी होऊं शकतो, ही गोष्ट बर्फावर आणि खेड्यांत एकदमच सिद्ध होत होती.

शास्त्र सिद्ध झालें म्हणजे तें लोकांपर्यंत आपोआप पोंचतें, असें ला कूर यांनीं कधींच मानलें नाहीं. इ. स. १९०३ मध्यें त्यांनीं वाऱ्याच्या विजेच्या प्रसारासाठीं एक मंडळी स्थापन केली. ज्या गांवास वीजकेंद्र काढावयाचें असेल त्यास सल्ला देणें, हें तिचें काम होतें. पण गांवांत यंत्र आलें आणि तें चालविणारा शहरांतून आणावा लागला, तर गांव पुन्हां परावलंबीच राहणार. म्हणून इ. स. १९०४ पासून आस्कोव्ह येथें खेड्यांतील तरुणांस विजेचें काम शिकविण्याचे वर्ग निघाले. तीन महिन्यांत विजेचें शास्त्र, हिशेब, तारा ओढणें व यंत्रांची निगा राखणें हें सर्व त्यांस शिकविलें जाई. शिकून तयार झालेला तरुण आपल्या गांवीं परत जाई आणि तेथील केंद्र सांभाळी. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनीं इ. स. १८८२ पासून सहकारी दुग्धालयें काढलीं होतीं. त्याच वाटेनें पुष्कळ गांवांनीं सहकारानें वीजकेंद्रेंही काढलीं. सहकारी साखर कारखाने व दूधसंघ पाहिलेल्या आमच्या सांगली-साताऱ्याच्या वाचकांस या मार्गाचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

इ. स. १९०८ च्या एप्रिल महिन्याच्या २४ व्या तारखेस, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं, आस्कोव्ह येथेंच ला कूर यांचा अंत झाला. त्यांनीं मागें धनसंचय ठेविला नाहीं. पण गांवोगांव पसरलेले विद्यार्थी ठेविले. त्यांचें मोल लवकरच कळून आलें. इ. स. १९१४ मध्यें पहिलें महायुद्ध सुरू होऊन कोळसा व तेल मिळेनासें झालें, तेव्हां वाऱ्याच्या केंद्रांनीं अनेक खेड्यांस अंधारांतून वांचविलें. इ. स. १९१८ च्या सुमारास डेन्मार्कमध्यें अशीं सुमारें १२० ग्रामकेंद्रें असून प्रत्येकाची पवनचक्की साधारणपणें २० ते ३५ किलोवॅट शक्तीची होती. देशांतील विजेपैकीं सुमारें शेंकडा ३ भाग वाऱ्यापासून मिळत होता.

पुढें तेल स्वस्त झालें, मोठीं वीजकेंद्रें निघालीं, लांबवर वीज नेण्याची सोय झाली आणि पवनचक्क्या एकामागून एक थांबूं लागल्या. ला कूर यांचें काम संपलें, असेंच कोणासही वाटलें असतें. परंतु इ. स. १९०४ च्या पहिल्या वर्गांत योहानेस यूल नांवाचा एक सतरा वर्षांचा मुलगा बसला होता. गुरूचे धडे त्यानें विसरूं दिले नाहींत. उतारवयांत, इ. स. १९५७ मध्यें, त्यानें गेडसर येथें तीन पात्यांची २०० किलोवॅटची पवनचक्की उभी केली. ती इ. स. १९६७ पर्यंत चालली. इ. स. १९७३ मध्यें तेलाचे भाव एकाएकीं भडकले आणि साऱ्या जगास वाऱ्याची आठवण झाली, तेव्हां अभ्यासासाठीं याच पवनचक्कीकडे शास्त्रज्ञांचें लक्ष गेलें. इ. स. १९९१ मध्यें, म्हणजे आस्कोव्हच्या पहिल्या पवनचक्कीनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, डेन्मार्कनें व्हिंडेबी येथें समुद्रांत अकरा पवनचक्क्यांचा जगांतील पहिला समूह उभारला. आज त्या देशाची सुमारें निम्मी वीज वाऱ्यापासून मिळते.

ला कूर यांचे चिरंजीव डान यांनीं हवामानशास्त्राचीच परंपरा चालविली. ज्या खात्यांतून वडील बाहेर पडले, त्याचे ते पुढें संचालक झाले, आणि इ. स. १९३२–३३ च्या आंतरराष्ट्रीय ध्रुववर्षाच्या मंडळाचे अध्यक्ष या नात्यानें त्यांनीं ध्रुवप्रदेशाच्या अभ्यासास मोठें साहाय्य केलें.

ध्रुवाजवळच्या त्या दूरच्या वस्त्यांस आजही ला कूर यांचाच प्रश्न सोडवावा लागत आहे. अलास्कांतील कॉट्झेब्यू हें गांव उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे आहे. तेथें जाण्यास रस्ता नाहीं. समुद्राचें बर्फ वितळलेलें असेल तेवढ्या थोड्या महिन्यांत वर्षभराचें तेल आणून ठेवावें लागतें. तेथें इ. स. १९९७ पासून पवनचक्क्या डिझेल यंत्रांस हातभार लावूं लागल्या. थंड हवा दाट असल्यामुळें तिचा जोर अधिक मिळतो, हा तेथील लाभ. पण पात्यांवर बर्फ धरतें, वंगण घट्ट होतें व धातु ठिसूळ बनतो, ही तेथील अडचण. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळील उटसिरा बेटावर तर इ. स. २००४ मध्यें वाऱ्याच्या विजेनें हायड्रोजन करून सांठविण्याचा व वारा नसतां त्यापासून दहा घरांस वीज पुरविण्याचा प्रयोग करण्यांत आला. शंभर वर्षांपूर्वीं एका शाळामास्तरानें बाजूस ठेविलेली युक्ति नव्या साधनांनीं पुन्हां हातीं घेतली गेली. विचारपूर्वक केलेलें काम कधीं वायां जात नाहीं, याचें याहून चांगलें उदाहरण कोणतें?

हा प्रश्न केवळ बर्फाच्या देशांचा आहे, असें मात्र आपण समजूं नये. आपल्या पठारांवर वारा जोरांत वाहतो तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या दिवसांत. आणि विहिरीवरच्या पंपास विजेची खरी गरज लागते ती उन्हाळ्यांत. वारा असेल तेव्हां गरज कमी आणि गरज असेल तेव्हां वारा कमी, हें कोडें आस्कोव्हचें तसेंच आपलेंही आहे. तें सोडविणारा संशोधक माणदेशांतल्या किंवा पाटण खोऱ्यांतल्या एखाद्या शाळेच्या बांकावर आज बसलेला नसेल, असें कोणीं सांगावें?

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रांत चमत्कार नाहीं. एका बुद्धिमान मनुष्यानें आपली विद्या कोठें खर्च करावयाची हें विचार करून ठरविलें, एवढीच ही गोष्ट आहे. शाळेंत शिकतांना सूत्र पाठ झालें म्हणजे विषय आला असें मानूं नका. तो प्रश्न माणसास प्रथम कां पडला, हेंही विचारा. प्रयोगांत तावदानें फुटलीं म्हणून प्रयोग टाकूं नका, आणि दुसऱ्याची युक्ति अधिक चांगली दिसली तर आपल्या युक्तीचा हट्ट धरूं नका. पालकांसही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी हुशार निघाली म्हणजे तिनें गांव सोडावा, हीच एक वाट आहे असें समजूं नये. शिकून आपल्या गांवीं परत येणाऱ्या माणसाच्या हातून काय घडूं शकतें, हें आस्कोव्ह येथें तीन महिने शिकून घरीं परतलेल्या त्या शेतकऱ्यांच्या मुलांनीं दाखवून दिलें आहे. त्यांस शिकविणाऱ्या अध्यापकाची खरी थोरवी त्यांतच आहे.